ट्रॉली ढकलण्याचे नियम: मॉलमध्ये नवीन लागलेल्यांसाठी

मोठ्या साखळी दुकानात नोकरी लागली की पहिल्या दिवशी टी-शर्ट आणि ओळखपत्राबरोबर सह्या करायच्या कागदांचा एक गठ्ठा हातात येतो. त्यातच कुठंतरी मधल्या पानावर ट्रॉली हलवायचे नियम असतात. कागद इंग्रजीत, मुंबईच्या नाहीतर बेंगळुरूच्या मुख्य कार्यालयात तयार झालेला. भिंतीवरचं पोस्टर कन्नडमध्ये. शिकवणारा सीनियर मराठीत सांगतो, आणि तो सांगतो ते या दोन्हींशी जुळत नाही. मागं आणखी चार-पाच जण सहीला थांबलेले असतात म्हणून आपण सही करून टाकतो. पुढं कधीतरी टाचेला ट्रॉली लागते, आणि मग तोच कागद आपल्याला दाखवला जातो: "यावर तुझी सही आहे की."

हा लेख त्या सहीच्या आधी वाचायचा आहे. खानापूर, येळ्ळूर, कडोली, उचगाव, निपाणी आणि चंदगडच्या बाजूनं रोज बेळगावात कामाला येणाऱ्या मुलामुलींसाठी तो लिहिलाय. यातल्या बऱ्याच जणांना ओझ्याची सवय घरापासून असते. खताची बॅग, उसाची मोळी, भाताचं पोतं उचलतच ती मोठी झालेली असतात. त्यामुळं "एवढी ट्रॉली ढकलायला कसले नियम?" असं वाटणं साहजिक आहे. पण पाठीवरचं पोतं आपण थांबलो की थांबतं. चाकावरचं ओझं आपण थांबलो तरी पुढं जातं. माझ्या पाहण्यातले ट्रॉलीचे अपघात ताकद कमी पडली म्हणून झालेले नाहीत. गाडी वेळेत थांबली नाही, किंवा समोरचं माणूस दिसलं नाही, म्हणून झालेत.

हे एकदा डोक्यात बसलं की गोंधळात टाकणारे नियमही सोडवता येतात. कुठलाही नियम वाचला की दोन गोष्टी विचारायच्या. यानं गाडी थांबवणं सोपं होतं का? आणि यानं समोरचं नीट दिसतं का? दोन नियम एकमेकांच्या विरुद्ध जात असतील तर ज्यानं थांबणं आणि दिसणं राखलं जातं तो पाळायचा, आणि आपण तसं का केलं ते सीनियरला लगेच सांगायचं. लगेच, म्हणजे त्याच खेपेला. संध्याकाळी सांगितलं तर ते कारण वाटत नाही, सबब वाटते.

आधी गाड्या ओळखा

कागदात सगळ्या गाड्या एकाच नियमाखाली कोंबलेल्या असतात. एका गाडीचा नियम दुसरीला लावला की तो धोक्याचा होतो, म्हणून पहिल्या दिवशी बॅकरूममध्ये, म्हणजे मागच्या मालाच्या खोलीत जाऊन प्रत्येक गाडी हातानं हलवून बघा.

गिऱ्हाइकांची जाळीची ट्रॉली सगळ्यांच्या ओळखीची. आपल्याकडच्या बहुतेक ट्रॉल्यांची पुढची दोन चाकं फिरतात, मागची दोन सरळच चालतात. रिकामी असताना लहानमोठ्या आकाराप्रमाणं साधारण १५ ते २५ किलो भरते. प्लॅटफॉर्म ट्रॉली म्हणजे सपाट फळी आणि एका बाजूला दांडा. हिची फिरती चाकं बहुधा दांड्याच्या बाजूला असतात, त्यामुळं ती आपल्या बाजूनं वळते आणि पुढचं टोक रॅकला घासतं. रोल केज हा उंच जाळीचा पिंजरा. तो अरुंद आणि वरून जड असतो. एक चाक फटीत अडकलं की सगळा पिंजरा कलतो, आणि कलायला लागल्यावर तो हातानं सावरायला जायचं नाही. बाजूला व्हायचं. शॅम्पूच्या बाटल्या फुटल्या तर फुटू देत.

चौथी गाडी हँड पॅलेट, ज्याला आपण नुसतं जॅक म्हणतो. माल रचलेल्या फळीखाली, म्हणजे पॅलेटखाली, हिचे दोन लोखंडी फाटे घालून ती उचलून न्यायची. त्याच्या दांड्यावरच्या खटक्याच्या तीन जागा असतात: एक उचलायची, एक मोकळी चालवायची, एक खाली सोडायची. माल न ठेवता या तिन्ही जागा हाताला माहीत करून घ्या, कारण घाईत चुकीचा खटका दाबला तर पॅलेट कुणाच्या तरी पायावर उतरतं. जॅकवर २,००० नाहीतर २,५०० किलो असा आकडा छापलेला असतो. तो आकडा लोखंडाला किती पेलतं याचा आहे. तुम्हाला किती थांबवता येईल याच्याशी त्याचा काही संबंध नाही, आणि बऱ्याच हँड पॅलेटना ब्रेकच नसतो. मला नव्या मुलांची सगळ्यात जास्त काळजी या आकड्यामुळं वाटते, कारण तो वाचून धीर चढतो.

मग वाट चाला, रिकाम्या हातानं

माल उतरवायच्या जागेपासून फ्लोअरच्या शेवटच्या रॅकपर्यंत एकदा नुसतं चालून या. उंबऱ्याची पट्टी कुठं वर आली आहे, फरशी कुठं फुटली आहे, गटाराच्या जाळीत चाक बसेल का, झुलतं दार कुठल्या बाजूला उघडतं, फ्रीझरजवळच्या कोपऱ्यावरून पलीकडचं दिसतं का, हे बघायचं. फायर एक्झिटची दारं लक्षात ठेवा. तिथं गाडी एक मिनिटही लावायची नाही. या एकाच नियमाबद्दल कुठल्याही दोन कागदांत मतभेद सापडणार नाही.

आपल्या भागात जून ते सप्टेंबर ही वाट रोज बदलते. पार्किंगमधून आलेल्या चाकांना तांबडी माती चिकटून येते, दारातली मॅट भिजून गोळा होते, छत्र्यांचं पाणी फरशीवर गळतं. पावसाळ्यात सकाळची पहिली खेप हळू मारायची आणि ओलं दिसलं की हाऊसकीपिंगच्या काकूंना आधी सांगायचं. त्या फरशीला तुमच्यापेक्षा जास्त ओळखतात. कुठं घसरतं ते त्यांना विचारून ठेवा.

चाकं बघायची सवयही इथंच लावून घ्या. सुतळी, पॅकिंगची प्लॅस्टिक पट्टी आणि केस चाकाच्या आसात गुंडाळले जातात आणि मग गाडी एका बाजूला ओढते. अशी गाडी परत रांगेत लावली तर ती दुसऱ्या कुणाच्या तरी हातात जाणार. तिला चिंधी बांधा, बाजूला उभी करा आणि ज्याच्याकडं दुरुस्तीची वही असेल त्याच्या वहीत लिहून घ्या.

ढकलायची की ओढायची

कागदात हमखास असतं: ट्रॉली नेहमी ढकला, कधीही ओढू नका. आणि दोन पानं पुढं हँड पॅलेटच्या चित्रात माणूस दांडा धरून ओढताना दिसतो. नवीन माणूस इथं गोंधळतो आणि दोन्ही सोडून मनाला येईल तसं करतो.

ढकलण्याचा नियम बरोबर आहे. ढकलताना दोन्ही हात समोर असतात, अंगाचं वजन कामाला येतं, नजर पुढं राहते. ओढताना बहुतेक जण एका हातानं, अर्धं वळून ओढतात. खांदा मागं पिळला जातो, कंबर वळते, आणि गाडी आपल्याच टाचेवर येते. ढकलणाऱ्याच्या हातून गाडी सुटली तर ती त्याच्यापासून लांब जाते. ओढणारा मात्र तिच्या वाटेतच उभा असतो.

पण या नियमाला कागदावर न लिहिलेली एक अट आहे: मालाच्या वरून समोरचं दिसलं पाहिजे. म्हणून प्लॅटफॉर्म ट्रॉलीवर माल छातीच्या वर रचायचा नाही. रोल केज उंचच असतो, त्याच्यावरून दिसणार नाही, तेव्हा भरलेला रोल केज फ्लोअरवर नेताना दोघं लागतात. एक मागून ढकलेल, दुसरा पुढं कोपऱ्याला, गाडीच्या वाटेच्या बाहेर राहून वाट मोकळी करेल. दुसरं माणूस मिळत नसेल तर माल खाली उतरवून कमी उंचीच्या दोन खेपा करा. "एकाच खेपेत आण" हा तोंडी हुकूम असतो. तो कुठल्याही कागदावर सापडत नाही.

हँड पॅलेटचं वेगळं आहे. तो दांड्याच्या बाजूनं वळतो, म्हणून अरुंद जागेत आणि पॅलेटखालून बाहेर काढताना ओढावाच लागतो. सरळ लांब गल्लीत भरलेला जॅक ढकलणं बरं. ओढताना दांड्याच्या बरोबर रेषेत उभं न राहता थोडं बाजूला चाला, तोंड जायच्या दिशेला ठेवा आणि पावलं लहान टाका, म्हणजे जॅक पुढं सरकला तर तो तुमच्या शेजारून जाईल. चित्रातला माणूस ओढतोय तो याच कारणासाठी, आणि तिथं नियम मोडलेला नसतो.

किती जोर लागतो याचा अंदाज असावा. ब्रिटनच्या आरोग्य व सुरक्षा खात्याचा ढोबळ हिशोब असा: चाकं चांगली आणि जमीन सपाट असेल तर मालाच्या वजनाच्या किमान २ टक्के जोर लागतो. म्हणजे ४०० किलोच्या गाडीला ८ किलो. जमीन खडबडीत असली तर गाडी जागेवरून सोडवायला हाच आकडा १० टक्क्यांपर्यंत जातो, म्हणजे ४० किलो. चालत्या गाडीपेक्षा जागेवरून सुटताना जास्त जोर लागतो. म्हणून सुरुवात झटक्यानं करू नका. फिरती चाकं आधी जायच्या दिशेला वळवून घ्या, एक पाय मागं टेकवा, आणि दाब हळूहळू वाढवा. गाडी सुटली की जोर कमी करा. झटका मारून सोडवलेली गाडी थांबवताना तेवढाच झटका कंबरेत परत येतो.

हात दांड्याच्या आत ठेवा. दाराच्या चौकटीतून जाताना दांड्याच्या टोकाला धरलेली बोटं सोलवटतात. हे वाचून पटत नाही आणि पहिल्याच आठवड्यात पटतं, म्हणून आत्ताच सांगतो.

रांगेत किती ट्रॉल्या

पार्किंगमधून रिकाम्या ट्रॉल्या गोळा करून आणणं हे बहुतेक नव्या मुलाचं पहिलं काम. इथला गोंधळ आकड्याचा. कागदावर एका रांगेत ६ लिहिलेल्या असतात, पोस्टरवर ८ असतात, आणि शनिवारी संध्याकाळी दाराशी ट्रॉल्या संपल्या की "सगळ्या एकदम आण" असं सांगितलं जातं.

एकात एक शिरणारी ट्रॉली १९४६ मध्ये ऑर्ला वॉटसन यांनी अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीत काढली, दुकानातली जागा वाचावी म्हणून. जागा वाचली, आणि रांग लांबवायचा मोहही सुरू झाला. १० ट्रॉल्यांची रांग साधारण साडेतीन मीटर लांब आणि दीडशे ते अडीचशे किलो वजनाची होते. उसाच्या ट्रॅक्टरमागं दोन ट्रेलर जोडले की वळणावर मागचा ट्रेलर कसा बाहेर फेकला जातो आणि उतारावर पुढच्याला कसा रेटतो, हे गळीत हंगामात निपाणी-चिकोडीच्या रस्त्यावर कुणीही पाहिलेलं असतं. रांगेचं तेच होतं. फरक एवढाच की इथं ब्रेक लावणारे तुमचे दोन पाय आहेत.

तेव्हा तीन ठिकाणी तीन आकडे दिसले तर सगळ्यात लहान आकडा धरा. ओलं असेल, उतार असेल किंवा एकटे असाल तर त्याहूनही कमी करा. पट्टा दिलेला असेल तर रांग बांधूनच हलवा. पट्टा नसेल तर मागा, आणि मिळेपर्यंत रांग इतकी लहान ठेवा की मागून ढकलताना सगळ्यात पुढची ट्रॉली एका बाजूनं वाकून दिसेल. दोघं असाल तर पुढचा माणूस रांगेच्या समोर कधीही चालणार नाही. तो कोपऱ्याला एक हात ठेवून बाजूनं चालेल, आणि "थांब" म्हणायचा अधिकार त्याचा. मागच्यानं थांबायचं आणि मग कारण विचारायचं.

गिऱ्हाइकाच्या कारला ट्रॉली घासली की मुलांची पहिली भीती पगार कापण्याची असते. त्या भीतीनं काही जण घासलेली जागा लपवतात आणि प्रकरण वाढतं. वेतनाच्या कायद्यात नुकसानीपोटी कपात करण्याआधी कामगाराला आपली बाजू मांडायची संधी द्यावी लागते. लगेच सांगा, जागेचा फोटो काढा, आणि त्या फोटोत उतार किंवा ओली जमीन येऊ द्या.

पंचवीस किलोचा नियम आणि सव्वीस किलोचं पोतं

कागद म्हणतो, २५ किलोच्या वरचं ओझं एकट्यानं उचलायचं नाही. २०२२ च्या जुलैत २५ किलोपर्यंतच्या पॅकबंद, लेबल लावलेल्या तांदळावर आणि इतर धान्यांवर ५ टक्के जीएसटी लागू झाला, आणि बाजारात २६ नि ३० किलोची पोती दिसू लागली. आता नियमाप्रमाणं तांदळाचं प्रत्येक पोतं ट्रॉलीवर ठेवायला दोन माणसं पाहिजेत, आणि सकाळी सहाच्या अनलोडिंगला तेवढी माणसं नसतात. मग सगळेच जण तो नियम मोडतात, आणि रोज मोडावा लागणारा नियम हळूहळू कुणालाच खरा वाटेनासा होतो. याचं मला खरंच वाईट वाटतं, कारण हा नियम कंबर वाचवणारा आहे.

यातून वाट अशी काढा. २५ हा काही शरीरावर कोरलेला आकडा नाही. ब्रिटनमधल्या मार्गदर्शनात पुरुषांसाठी २५ आणि बाईमाणसांसाठी १६ किलो हा आकडा ओझं कंबरेच्या उंचीला आणि अंगाजवळ असतानाचा आहे. अमेरिकेतली नियॉश ही संस्था सगळं अनुकूल असताना २३ किलो धरते. ओझं अंगापासून लांब गेलं, जमिनीवरून उचलावं लागलं, कंबर वळवावी लागली की ही मर्यादा भराभर खाली येते. म्हणजे पोतं २६ किलोचं आहे यापेक्षा ते कुठून उचलतोय हे महत्त्वाचं. टेम्पोच्या फळीवरून, कंबरेच्या उंचीला, प्लॅटफॉर्म ट्रॉली अगदी चिकटून लावून पोतं सरकवून घेतलं तर उचलणं जवळपास उरतच नाही. जमिनीवर आधी टाकायचं आणि मग उचलायचं, ही पद्धत बंद करा. हमालमामा पाठीवर सहज घेतात म्हणून त्यांची बरोबरी करायला जाऊ नका. त्यांची ती वर्षांची सवय असते, आणि त्यांच्या कंबरेची काय गत झालीय ते विचारलंत तर ते स्वतःच सांगतील.

साखरेचं ५० किलोचं पोतं मात्र कुठल्याही पद्धतीनं एकट्याचं नाही. तिथं दुसऱ्याला हाक मारायची, गल्ली अडली तरी चालेल.

ट्रॉलीवर रचताना जड माल खाली आणि मधोमध. तेलाचे डबे खाली, पोहे-चुरमुऱ्याच्या पिशव्या वर. चुरमुऱ्यांचं वजन नसतं, पण त्यांची उंची समोरचं झाकते, म्हणून हलका माल रचतानाही छातीची मर्यादा सोडू नका.

ट्रॉली सोडायची नाही, गिऱ्हाइकाला थांबवायचं नाही

हे दोन्ही नियम एकाच पानावर असतात, आणि गाडी हातात असताना गिऱ्हाईक काही विचारायला आलं की ते एकमेकांना आडवे येतात. सोपं आहे: गाडी रॅकला समांतर लावा, ब्रेक असेल तर दाबा, दांडा गल्लीत येणार नाही असा करा, आणि गिऱ्हाइकाला "एक मिनिट हं, गाडी बाजूला लावतो" म्हणा. एवढ्यावर कुणी रागावत नाही. लहान मूल आसपास असेल तर मात्र भरलेली गाडी सोडूनच जायचं नाही. पोरं जाळीला धरून लोंबकळतात.

उतार, लिफ्ट, ट्रॅव्हलेटर

उतारावर कायम वरच्या बाजूला राहायचं. चढताना मागून ढकलताय म्हणजे तुम्ही खालच्या बाजूला असता, म्हणून जड गाडी एकट्यानं चढवायची नाही. १२ मीटरला १ मीटर चढ असेल तर ४०० किलोच्या गाडीचे ३३ किलो नुसते मागं खेचत असतात, सपाटीवरचे ८ किलो त्याच्या वर. बेसमेंटचे उतार याहून तीव्र असू शकतात. माल वाटून घ्या, दोघं लागा, आणि भरलेला हँड पॅलेट उतारावर आणायचाच नाही असं धरून चाला.

"माल फक्त मालाच्या लिफ्टनं" असा नियम असतो आणि नेमकी तीच लिफ्ट बंद असते. अशा वेळी काही जण ट्रॅव्हलेटर, म्हणजे तो सरकता उतार, वापरतात. गिऱ्हाइकांच्या ज्या ट्रॉल्या त्यावर चालतात त्यांच्या चाकांना खाचा असतात. त्या खाचा पट्ट्याच्या खोबणीत बसतात आणि ट्रॉली जागच्या जागी रुतते. प्लॅटफॉर्म ट्रॉलीची चाकं साधी असतात, ती रुतत नाहीत, घरंगळतात, आणि खाली गिऱ्हाईक उभं असतं. लिफ्ट दुरुस्त होईपर्यंत वरचा रॅक रिकामा राहिला तर राहू दे. हे बोलायला वरिष्ठांना अवघड जातं, तुम्हाला तर जास्तच, म्हणून पुढचा भाग.

साहेब घाई करतात तेव्हा

नुसतं "नियमात बसत नाही" म्हटलं की ते उद्धट वाटतं आणि भांडण होतं. नकाराबरोबर दुसरी वाट द्या. "सर, कागदावर सहा आहेत. सहा-सहाच्या दोन खेपा मारतो, दहा मिनिटांत होतं." "मॅडम, वरून दिसत नाहीय, अमितला दोन मिनिटं द्या की." बहुतेक सुपरवायझर यावर हो म्हणतात, कारण त्यांनाही काम व्हायला हवं असतं आणि अपघात झाला तर अहवाल त्यांनाच लिहावा लागतो.

इन्चार्ज हुबळी-धारवाडकडचे असतील तर मोडकंतोडकं का होईना, कन्नडमध्ये बोला. "भाळ वज्जी ऐती, इब्बरू बेक्री" म्हणजे फार जड आहे, दोघं पाहिजेत. "स्वल्प तडीरी" म्हणजे थोडं थांबा. गर्दीतून ट्रॉली नेताना "दारी बिड्री" आणि "वाट द्या हो" हे दोन्ही मोठ्यानं म्हणत चाला. बेळगावच्या दुकानात निम्मं गिऱ्हाईक एकाला वळतं, निम्मं दुसऱ्याला. आणि सुरक्षेचा कागद कळत नसेल तर "मला हे मराठीत समजावून सांगा, मग सही करतो" असं पहिल्याच दिवशी म्हणायला लाजू नका. १० किंवा जास्त कामगार असलेल्या ठिकाणी लागू असलेल्या, २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत कामगाराला आपल्या सुरक्षेची माहिती मालकाकडून मागायचा हक्क दिलेला आहे.

दोन नियम जुळत नसतील तर दोन्हींचा फोटो काढून दुकानाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर साधा प्रश्न टाका: "पार्किंगच्या रांगेसाठी ६ धरायच्या की ८? कृपया सांगा." तक्रारीचा सूर नको. उत्तर आलं तर सगळ्यांचाच गोंधळ मिटतो. नाही आलं तरी तुम्ही विचारल्याची तारीख राहते, आणि उद्या कुणी सहीचा कागद पुढं केला तर ती तारीख तुमच्या बाजूची असते.

सणाच्या दिवसांत, विशेषतः गणपती आणि दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात, दमलेल्या माणसाच्या हातून गाडी सुटते. कर्नाटकच्या १९६१ च्या दुकाने कायद्यात सलग पाच तासांपेक्षा जास्त काम न घेता मध्ये किमान एक तास विश्रांती द्यायची आहे. ती घ्या. बसा, पाय वर करा, पाणी प्या. शेवटच्या तासाला जड खेपा ठेवू नका. खानापूरची बस चुकेल म्हणून धावत ढकललेली ट्रॉली हीच सगळ्यात वाईट.

पायात बंद बूट असू द्या, जाड तळव्याचे. कंपनीनं दिले नाहीत तर मागा, मिळेपर्यंत घरचे वापरा. चपला घालून बॅकरूममध्ये जायचं नाही.

लागलंच तर

आधी गाडी थांबवा, मग मदतीला हाक मारा. रक्त नसलं तरी पायाचं बोट, टाच किंवा कंबर दुखावली असेल तर त्याच दिवशी सांगा आणि अपघाताच्या वहीत नोंद करून घ्या. वेळ, जागा, गाडीचा प्रकार, कोण पाहत होतं, एवढं त्यात आलं पाहिजे. नोंदीचा फोटो तुमच्या फोनमध्ये हवा.

महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्यांचा पगारातून ०.७५ टक्के कापून ईएसआय, म्हणजे कामगारांचा सरकारी विमा, भरला जातो, मालक ३.२५ टक्के घालतो. कामावर झालेल्या दुखापतीचा लाभ नोकरीच्या पहिल्या दिवसापासून लागू असतो. किती महिने वर्गणी भरली ते त्यासाठी बघत नाहीत. डॉक्टरांनी काम करू नका म्हटलं तर त्या काळात पगाराच्या सुमारे ९० टक्के रक्कम मिळते, मात्र काम करता न येण्याचा काळ अपघाताचा दिवस सोडून किमान तीन दिवसांचा असावा लागतो. म्हणून "दवाखान्यात घरी पडलो म्हणून सांग" असा सल्ला कुणी दिला, अगदी मायेनं दिला, तरी ऐकू नका. डॉक्टरांच्या कागदावर "कामावर असताना ट्रॉली लागून" हे शब्द आले पाहिजेत. एकदा दुसरं काही लिहिलं गेलं की ते बदलून घेणं फार अवघड होतं.

एजन्सीमार्फत लागलेल्यांनी आपला ईएसआय नंबर पहिल्या पगाराबरोबर मागून घ्यावा आणि वर्गणी खरंच भरली जाते का ते बघावं. चंदगडच्या बाजूनं येणाऱ्यांनी आणि गावाकडं आईवडील असलेल्यांनी आपल्या नावावर कुठला दवाखाना लावलाय, घरच्यांची नावं त्यात चढली आहेत का, हेही तपासावं. दुकानाच्या जवळचा दवाखाना हवा की घराजवळचा ते ठरवून बदल करायचा असेल तर तो धडधाकट असतानाच करून घ्या.